तुझ्या आवाजाला तो येतो

अल नहदा, शारजा
रविवार, दुपार

प्रिय मैथिली,

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी गाडीत होते, दुबईहून परतताना हद्दीवरच्या रोजच्या गर्दीत अडकलेली. तू इतकी खूश होतीस की मला मध्ये तोंड घालायला जागाच नव्हती. "अगं, तुमच्या हॉटेलनं बोलावलंय मला! तिकीट, राहणं, सगळं! लते, हे तूच केलंस ना? मेले, सांगायचं तरी!" मग जरा दम खाऊन तू विचारलंस, "आणि माझा सोनपंख्या कसा आहे?" त्यावर मी तुला विचारलं, येताना नैरोबीहून चहा आणशील का. तू म्हणालीस, "आणते गं, पण आधी पक्ष्याचं सांग." मी म्हणाले, सिग्नल सुटला, ठेवते. सिग्नल सुटला नव्हता. फोन ठेवल्यावरही मी कितीतरी वेळ त्याच जागी उभी होते, पुढच्या टॅक्सीच्या मागच्या काचेकडे बघत.

तो कसा आहे, हे तुला सांगायला हवं, आणि तू विमानात बसायच्या आधी सांगायला हवं. फोनवर मला ते जमणार नाही. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा चहाचं विचारेन. म्हणून कागदावर लिहिते आहे, आपल्या जुन्या सवयीनं. लिहून झालं की फोटो काढून मेलनं पाठवीन. खाडाखोड तशीच ठेवणार आहे.

घरी सगळे बरे आहेत. विजय रोज दुबईत देऱ्याच्या ऑफिसला जातो, रोज तिथल्या पार्किंगला शिव्या घालत परत येतो. आभा अकरावीत गेली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या बिल्डिंगखाली बोगनवेल आहे, तिथं एक जांभळा शिंजीर येतो, आपल्याकडचाच, इथल्या उन्हातही मजेत असलेला. यंदा त्याला नवं वेड लागलंय. गाड्यांच्या आरशात स्वतःला बघतो आणि दुसरा शिंजीर आला समजून चोची मारत बसतो. विजयला पक्ष्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही, तुला माहीतच आहे, त्याला कबूतर आणि पारवा वेगळे वाटतात. पण एका सकाळी तो खाली गेला आणि आमच्या गाडीच्या दोन्ही आरशांना त्यानं जुने मोजे चढवले. शेजारचे हसले. तो म्हणाला, "बिचारा सकाळपासून भांडतोय कुणाशी? नाश्ता तरी करू दे त्याला." मैथिली, त्या मोज्यांकडे मला रोज बघावं लागतं. गाडीत बसताना काढते, उतरल्यावर पुन्हा चढवते.

तुला आठवतंय, आमच्या हॉटेलात काचेच्या दालनात डोंगर उभा करायचं ठरलं आणि त्यातली झाडं माझ्याकडे आली, तेव्हा मी तुलाच पहिला फोन केला होता? विषुववृत्तावरचा उंच डोंगर, आत धुकं, गारवा, बाहेर पंचेचाळीस डिग्री. आणि त्यात एक पक्षी, तू जिथं पक्षी अभ्यासतेस त्या केनियाच्या पठारावरचा, काळ्या-तांबूस अंगाचा, पंखांच्या कडा सोन्यानं माखलेला. युरोपातल्या कुणा पैदासवाल्याकडून येणार, पिंजऱ्यातच जन्मलेला. तू म्हणालीस, "डोंगर विकत मिळत नाही, लते," आणि फोन आपटलास. दोन दिवस अबोला. मग तुझं लांबलचक मेल आलं. रात्री किती गार हवं, पहाटे धुकं कधी सोडायचं, नुसत्या साखरेच्या पाण्यावर तो जगत नाही, बारक्या माश्या आणि कोळीही लागतात. शेवटी एवढंच: "पक्षी येणारच आहे, तर त्याची फुलं तरी खरी असू देत." ती फुलं म्हणजे आपल्या दीपमाळेची डोंगरातली बहीण. बी तूच सांगितलंस कुठून मागवायचं ते. रोपं वर आली, देठाला मजल्यामजल्यानं केशरी झुबके लागले, आणि त्या काटेरी गेंदांनी बोटं टोचली तेव्हा मला एकदम कोल्हापूर आठवलं. युनिव्हर्सिटीमागची ती पडीक जागा, आणि फुलं उपटून मध चोखणाऱ्या आपण दोघी. तू प्रत्येक झाडाचा सगळ्यात वरचा मजला सोडायचीस. हात लावू द्यायची नाहीस. म्हणायचीस, "वरचा मजला शिंजिरांचा. आपण भाडेकरू."

त्याला मराठीत नाव नव्हतं, सोनपंख्या हे नाव तू ठेवलंस. त्याचा स्वभावही तूच समजावलास. डोंगरावर दीपमाळेचा एक ताटवा तो आपला म्हणून धरतो आणि दिवसभर राखतो. दुसरा कुणी आला की पंख पसरून अंगावर जातो. फुलांत मध कमी असला की राखणीत राम नाही हे त्याला कळतं, मग सोडून देतो. मध भरपूर असेल तरी सोडतो, कारण सगळ्यांना पुरतो. "माणसांपेक्षा बरा हिशोब येतो त्याला," तू म्हणाली होतीस. त्या पक्ष्याची चोच कोयत्यासारखी वाकलेली आहे आणि दीपमाळेचं फूल त्याच वाकानं वळलेलं आहे. पहिल्या दिवशी त्यानं चोच फुलात घातली तेव्हा मी एकटीच होते दालनात. पिंजऱ्यात जन्मलेला तो, ते फूल त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तरी चोच अशी गेली जशी किल्ली कुलपात जाते. मी तुला फोन लावला आणि बोलायच्या ऐवजी रडले.

त्याच महिन्यात मिरजेला अण्णा गेले. मला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी परत आले ती नुसती कामावर जायची आणि घरी यायची. तेव्हा तू मला तो आवाज पाठवलास. तुझ्या पठारावर पहाटे थंडीत कुडकुडत घेतलेला. आधी तुझी कुजबूज, "लते, हळू. आता बोलेल बघ." मग वारा. मग तो. आधी एकेक टोकदार चिवचिव, आणि मग सगळा राग एकदम सांडल्यासारखी ती बडबड. बरोबर तू लिहिलं होतंस, "कानाला लावून ऐक. कुणाला पाठवू नकोस, कुठे वाजवू नकोस. फक्त तुझ्यासाठी." मी पार्किंगमध्ये गाडीची काच वर करून ऐकायचे, आणि मगच घरी जायचे. अण्णांच्या नंतरचे ते दिवस मी त्या आवाजावर काढले, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगायला फार वाईट वेळ निवडली आहे.

वाजवू नकोस असं तू का म्हणालीस, हे मला विचारायची गरज नव्हती. कोयनेच्या बाजूला आपण गेलो होतो, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. तिथं एक माणूस पर्यटकांना पक्षी दाखवायला टेपवर आवाज लावत होता. पक्षी दर वेळी उडी मारून बाहेर यायचा, गरगर शोधायचा, लोक वाहवा करायचे. तू सरळ चालत गेलीस, त्याच्या टेपमधल्या बॅटऱ्या काढल्यास आणि आपल्या खिशात टाकल्यास. तो ओरडत राहिला. तू म्हणालीस, "त्याला वाटतं दारात चोर आलाय. रोज जेवायच्या वेळी तुझ्या दारात चोर आला तर घास उतरेल का रे तुझ्या घशाखाली?" परतीच्या एस.टी.त मी त्या बॅटऱ्या तुझ्या खिशातून काढून पाहिल्या होत्या. मला तुझा इतका अभिमान वाटत होता की मी त्यातली एक ठेवून घेतली. कितीतरी वर्षं होती माझ्याकडे.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं त्या शनिवारी मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना दालन दाखवायला घेऊन गेले. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने आणि त्यावर हॉटेलनं दिलेली गारव्याची जॅकेटं. मी महिनोन् महिने सगळ्यांना "माझा पक्षी, माझा पक्षी" सांगत होते. आणि तो येईना. मागे फर्नच्या आड कुठेतरी बसला होता, आणि त्याचा त्याला पूर्ण हक्क होता, पोट भरलेलं होतं त्याचं. बायका पाय बदलत उभ्या. मग रुचा, आमच्या मंडळाची बोलघेवडी, म्हणाली, "लतिकाताई, तुमच्या पक्ष्याचा व्हिसा संपला वाटतं!" सगळ्या खळखळून हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यापेक्षा पक्षीबाजारात गेलो असतो, पोपट तरी दिसले असते." त्यांच्या मनात काही नव्हतं गं. मीही हसले. आणि हसता हसता पर्समधून फोन काढला.

मला इथं लिहायचं होतं की त्या क्षणी तुझं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, वर दिसतच असेल. गेलं नव्हतं. बोट बटणावर होतं तेव्हा मला त्या बॅटऱ्या आठवत होत्या.

"लते, हळू. आता बोलेल बघ." आणि तो आला. फर्नमधून बाण सुटावा तसा आला, दीपमाळेच्या शेंड्यावर बसला, दोन्ही पंख उघडले, शेपटी पसरली, सगळं सोनं दाखवलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. रुचानं माझ्या दंडाला धरलं, "अय्या, हा तर तुमचं ऐकतो!" पुन्हा लावा, पुन्हा लावा झालं. मी पुन्हा लावलं. तो पुन्हा आला. मला त्या दिवशी आनंद झाला होता, मैथिली. हे मला सगळ्यात जास्त लागतं. मला मनापासून आनंद झाला होता.

टाळ्या ऐकून हिबा आली. ती आमची कार्यक्रम बघणारी, बैरुतची, फार लाघवी बाई. तिच्याबद्दल राग धरू नकोस. पाहुणे पैसे भरून येतात आणि पक्षी न बघता जातात, ह्याची बोलणी रोज तिलाच बसायची. "लतिका, हबीबती, हे काय केलंस तू? मला हे हवंय. रोज हवंय." मी नाही म्हणाले. पण जीव तोडून नाही म्हणाले नाही. आपण जेवायला बसलो असताना पोळी वाढतात तेव्हा जसं नको म्हणतो, तसं म्हणाले. आवाज मीच तिला पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात वेळापत्रक लागलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळानं एकदा. रमजान आला तशी हॉटेलची वर्दळ इफ्तारनंतरची झाली, दालनाचे दिवे उशिरापर्यंत सुरू राहिले आणि खेळही. ज्या वेळी तुझ्या डोंगरावरचा सोनपंख्या अंग फुलवून झोपलेला असतो, त्या वेळी आमचा इथं चोराला शोधत होता.

आवाज बसवणाऱ्यानं विचारलं होतं, सुरुवातीची बाई कापू का. मी म्हणाले, राहू दे. त्याला सांगितलं की तिच्यामुळे वातावरण येतं. खरं असं होतं, की तुझा आवाज कापला असता तर ती चोरी झाली असती. ठेवला की तू तिथं उभी आहेस आणि तुझी संमती आहे, असं मला स्वतःला भासवता यायचं. पुढचं ऐक. हिबानं विचारलं, ही बाई कोण? मी म्हणाले, तिथलीच, डोंगरातली. आणि ती काय म्हणते? मी म्हणाले, पक्ष्याला बोलावते. बस्स, एवढ्यावर त्यांनी आख्खी कथा रचली. आता आमचा गाइड पाहुण्यांना सांगतो की ही डोंगरातली आदिवासी बाई आहे, तिच्या आजीनं तिला पक्षी बोलावायचा मंत्र दिला. आणि पक्ष्याचं तिथल्या भाषेतलं नाव "लते". फलकावर तसं छापलंय. पोरं वाटेच्या कडेच्या अर्ध्या उंचीच्या काचेला नाक लावून "लाटे, लाटे" ओरडतात, कॉफी मागवल्यासारखी. मी बाजूला कात्री घेऊन वाळलेले झुबके छाटत उभी असते. कोल्हापूरच्या मैथिली इनामदारला आदिवासी केलं आणि मिरजेच्या लतीला पक्षी, आणि मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही. हसू आलं तर हस. मलाही एकदा आलं होतं.

घरी मी जेवताना हे गंमत म्हणून सांगितलं. विजय हसला. आभा हसली नाही. म्हणाली, "आई, यू आर कॅटफिशिंग अ बर्ड." म्हणजे काय ते मला तिलाच विचारावं लागलं. नसलेलं माणूस उभं करून कुणाला तरी फसवणं, त्याला झुरत ठेवणं. मी म्हणाले, अगं, पक्षी आहे तो, त्याला काय कळतंय. तिनं ताट उचललं आणि म्हणाली, "एक्झॅक्टली."

त्याला काय झालं ते आता लिहिते, तुझ्या कामाच्या माणसाला लिहावं तसं. फुलांवर यायचा, पण मध प्यायचा नाही. शेंड्यावर बसून मान वळवत राहायचा. दीपमाळेचे झुबके मधानं भरलेले तसेच गळून पडायला लागले, हे सगळ्यात आधी मला दिसलं, कारण खाली पडलेली फुलं माझ्या बोटांना चिकटायची. ती रिकामी असायला हवी होती. दाराशी चोर म्हणून घास उतरत नव्हता. छातीचं हाड हाताला लागायला लागलं, पंखांची सोनेरी कड विटकी झाली, एका बाजूची पिसं झिजली. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, लक्ष ठेवा. मी हिबाला सांगितलं, खेळ कमी करू या. ती म्हणाली, इन्शाल्ला, ईद होऊ दे. ईद झाली. मग म्हणाली, शाळांच्या सुट्ट्या होऊ देत. आणि तू अधूनमधून विचारत होतीस, सोनपंख्या कसा आहे, आणि मी तुला जानेवारीतले जुने फोटो पाठवत होते.

मग त्या आजी आल्या. अजमानला त्यांचा मुलगा असतो, त्या सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेल्या. नऊवारी, वर जॅकेट, डोक्याला मफलर. खेळ नुकताच संपला होता. गाइडनं मंत्राची गोष्ट सांगितली तशी आजी मुलाला म्हणाल्या, "अरे, मंत्र कसला? ही बाई मराठी बोलतीय की!" मुलगा म्हणाला, "आई, काहीतरीच काय." "काहीतरीच कसं? लते हळू, आता बोलेल बघ, असं म्हणतीय. आपल्या शेजारची पोरगी बोलावी तशी." आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, काचेजवळ वाकून, अगदी तुझ्यासारखं हळू आवाजात. स्पीकर बंद होता. वारा नाही, पक्ष्याचा आवाज नाही, काही नाही. तरी तो आला. पंख पसरून आला आणि त्या म्हातारीच्या तोंडासमोर, काचेच्या पलीकडे, थरथरत उभा राहिला. लोक म्हणाले, आजींना ओळखतो! आजी खुळ्यासारख्या हसत होत्या. मी कात्री खाली ठेवली.

कळलं का तुला? त्याला आता दुसऱ्या पक्ष्याची गरज उरलेली नाही. ते शब्द आले की मागून चोर येणार, हे तो शिकला आहे. मी नंतर एकटी असताना करून पाहिलं. रोपांशी मी नेहमी मराठीत पुटपुटते, तेवढ्यावरही तो मान वर काढतो, पण गोंधळतो आणि परत जातो. तुझा तेवढाच तुकडा, तुझे ते चार-पाच शब्द, फोनवर अगदी हळू लावले, तर झोपेतूनही उठून येतो. तेव्हापासून मी दालनात मराठी बोलत नाही. रोपांशी इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला, जमला नाही, गप्पच राहते.

दुसऱ्या दिवशी मी हिबाकडे गेले आणि सांगितलं, ती बाई आदिवासी नाही, माझी मैत्रीण आहे, पक्ष्यांवर संशोधन करते, आवाज तिचा आहे आणि तिची परवानगी नाही. पक्ष्यासाठी बंद करा म्हणून मी कितीतरी दिवस तिच्या मागे होते. परवानगी नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत तिनं वायर काढायला लावली. खलास, म्हणाली, वकील नको मला. मला वाटलं, सुटलो दोघंही. आता तो जरा पितो. खाली पडणारी फुलं हलकी झालीत, मी रोज दाबून बघते. आणि दोनच दिवसांत हिबा नाचत आली. "हबीबती, तुझी मैत्रीण खरीखुरी शास्त्रज्ञ आहे! मग आपण तिलाच बोलावू! ती इथं उभी राहील, सगळ्यांसमोर बोलेल, आणि तो तिच्याकडे येईल. विचार कर, किती सुंदर! यल्ला, लागू या कामाला!" मी नको नको म्हणेपर्यंत तुला मेल गेलं होतं. त्यात फक्त "सन्मान" लिहिलं होतं ना? त्यांना खरंच तुझा सन्मान करायचा आहे, म्हणून तर मला आणखी बोलता येईना.

हे पत्र आज लिहायचं कारण आता सांगते. तू इथं आलीस की कार्यक्रमाआधी कॉफीबरोबर, हसत हसत, तुझ्यासमोर परवानगीचा कागद ठेवतील. तुला वाटेल, प्रवेशाचा काहीतरी नियम असेल, आणि तू तुझ्या घाईघाईच्या अक्षरात सही करशील. त्या सहीनं स्पीकर पुन्हा सुरू होईल. त्या कागदावर सही करू नकोस, मैथिली. आजच त्यांना कळव की आवाज वाजवायला तुझी परवानगी नाही आणि कार्यक्रमाला तू येणार नाहीस. कारण म्हणून माझं नाव लिही, लतिकानं न विचारता वापरला असं स्पष्ट लिही, माझ्या नोकरीचा विचार करू नकोस. माझं नाही म्हणणं इथं कुणी ऐकलं नाही, कारण ते मुळातच पोकळ होतं. तुझं ऐकतील. आणि तरीही तुला त्याला बघायला यावंसं वाटलं, तर ये. तिकीट मी काढेन, घर माझं आहे. सकाळी दालन उघडायच्या आधी मी तुला आत नेईन. वरचा मजला मी त्याच्यासाठी राखला आहे, तिथं तो पीत असताना तुला दिसेल. फक्त आत असेपर्यंत बोलू नकोस. एक शब्दही नको. आयुष्यभर पक्ष्यांसमोर हलक्या आवाजात बोललीस तू, आणि तुलाच मी हे सांगते आहे. तुझा आवाज त्याच्यासाठी काय झाला आहे ते तुला त्याच्या पंखांत बघायला लागू नये, एवढंच. मग आपण बाहेर येऊ, पार्किंगमध्ये, त्या मोजे उतरवलेल्या गाडीपाशी. तिथं बोल. ओरड, भांड, बॅटऱ्या काढून घेतल्या होत्यास तसं जे काढून घ्यायचं ते घे. पण आधी एकदा मला लते म्हणून हाक मार. गेले कित्येक महिने ती हाक मी फक्त स्पीकरमधून ऐकली आहे, आणि दर वेळी ऐकून भलताच कुणी धावत आला. ह्या वेळी मी येईन. तोवर खाली पूर्ण नावच लिहिते.

तुझीच,
लतिका